बैकलच्या बर्फाखाली

सायबेरियाच्या दक्षिण भागात, मंगोलियाच्या उत्तरेस, बैकल नावाचे एक प्रचंड सरोवर आहे. चंद्रकोरीसारख्या आकाराच्या या सरोवराची लांबी सुमारे ६३६ किलोमीटर आहे. परंतु त्याची खरी कीर्ती लांबीसाठी नाही, खोलीसाठी आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई हे समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर उंच आहे. बैकलची खोली आहे १६४२ मीटर. आपल्या या साऱ्या उंचीसह कळसूबाई उचलून बैकलच्या तळाशी ठेवता आली असती, तर शिखरावरील देवीच्या देवळाखेरीज दुसरे काही पाण्याबाहेर दिसले नसते! पृथ्वीच्या पाठीवर द्रवरूपात असलेल्या गोड्या पाण्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा या एका सरोवरात साठला आहे. तीनशेहून अधिक नद्या त्यास येऊन मिळतात आणि अंगारा ही एकच नदी त्यातून बाहेर पडते.

जानेवारी महिन्यात हे अफाट सरोवर गोठू लागते. थोड्याच दिवसांत या काठापासून त्या काठापर्यंत बर्फाची अखंड लादी पसरते. तिची जाडी सुमारे एक मीटर असते. कोठे थोडी कमी, कोठे थोडी अधिक. वाऱ्याने वरचे भुसभुशीत हिम उडून गेले, की खालचा बर्फ काचेसारखा नितळ दिसतो. त्यावर उभे राहिलेल्या माणसास पायांखाली काळेभोर, गंभीर पाणी दिसते आणि नवख्याचे तर पाऊलच पुढे पडत नाही. तेथील रहिवाशांना मात्र या बर्फाची सवय असते. ते त्यावरून मोटारी हाकतात. १९०४ साली रशिया आणि जपान यांच्यात युद्ध जुंपले, तेव्हा सरोवराला वळसा घालणारा लोहमार्ग अपुरा होता. रशियनांनी मग बर्फावरच रूळ अंथरले आणि घोडे जुंपून आगगाडीचे डबे पलीकडे नेले.

आता कोणाच्याही मनात असा प्रश्न येईल, की इतकी भयंकर थंडी असताना सरोवर तळापर्यंत का गोठत नाही? याचे कारण पाण्याच्या एका विलक्षण स्वभावात आहे. बहुतेक पदार्थ थंड होऊ लागले, की आकसतात व जड होतात. पाणीही तसेच वागते, पण केवळ चार अंश तापमानापर्यंत. त्याहून अधिक थंड झालेले पाणी पुन्हा प्रसरण पावू लागते आणि म्हणून हलके होऊन वरच राहते. बर्फ तर पाण्याहून हलका असतोच. त्यामुळे सरोवर वरून गोठते, आणि गोठलेला हा थर गोधडीसारखा खालच्या पाण्यावर पसरून त्याची ऊब राखतो. बर्फाला लागून असलेले पाणी शून्य अंशाच्या जवळपास असते. परंतु खूप खोल उतरल्यावर ते तीन-साडेतीन अंशांचे लागते. पाण्याने हा हट्ट धरला नसता, तर थंड देशांतील कित्येक तळी तळापासून गोठत आली असती आणि त्यांतील मासे हिवाळाभर जगलेच नसते.

बर्फाखाली काय आहे, हे जाणण्याची ओढ माणसाला फार दिवसांपासून आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेकांचा असा समज होता, की बैकलच्या पाण्यात जीवसृष्टी अगदी तुरळक असावी. हा समज खोडून काढला तो एका कैद्याने. बेनेडिक्ट डिबॉव्स्की हा पोलंडमधील प्राणिशास्त्राचा अध्यापक. १८६३ साली पोलिश लोकांनी रशियाच्या झारविरुद्ध उठाव केला. त्यात भाग घेतल्याबद्दल डिबॉव्स्कीला सायबेरियात हद्दपारीची शिक्षा झाली. दुसरा एखादा मनुष्य आपल्या दैवाला बोल लावीत बसला असता. डिबॉव्स्कीने बैकलच्या नैर्ऋत्य टोकावरील कुलटुक या गावी राहून, गोडलेव्स्की नावाच्या आपल्यासारख्याच एका हद्दपार देशबांधवाच्या साह्याने, सरोवराचा अभ्यास आरंभिला. उन्हाळ्यात मोठ्या नावेवाचून खोल पाण्यावर जाणे कठीण; परंतु हिवाळ्यात बर्फावरून हवे तेथे चालत जाता येत असे. कडाक्याच्या थंडीत हे दोघे बर्फाला भोके पाडीत, त्यांतून लांबच लांब दोर खाली सोडीत आणि तो पुन्हा हातांनी वर ओढीत. दोराबरोबर झिंग्यांच्या कुळातील बारीक कवचधारी जीव वर येत: कोणी तांबूस, कोणी हिरवट, कोणी पाठीवर काटे असलेले. १८७४ साली डिबॉव्स्कीने अशा शंभराहून अधिक जातींचे वर्णन प्रसिद्ध केले. ज्या सरोवरास लोक निर्जीवप्राय समजत होते, त्याच्या पोटातील संपत्ती एका बंदिवानाने दोराच्या टोकाला बांधून जगापुढे ठेवली!

पुढे १९४५ साली मिखाईल कोझोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने याहूनही चिकाटीचे एक काम हाती घेतले. बोल्शिये कोटी या काठावरच्या लहानशा गावापासून जवळच, सरोवरातील एक जागा त्यांनी निश्चित केली. दर सात ते दहा दिवसांनी त्या जागी जावयाचे, अडीचशे मीटर खोलीपर्यंतच्या पाण्याचे तापमान मोजावयाचे आणि त्यातील सूक्ष्म जीव जाळ्यात धरून मोजावयाचे, असा त्यांचा नेम होता. उन्हाळ्यात नावेतून आणि हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून हे काम चाले. १९६८ साली कोझोव्ह वारले. परंतु नेम मोडला नाही. त्यांची कन्या ओल्गा हिने तो चालविला आणि तिच्यानंतर नात ल्युबोव्ह हिने. एका घराण्याच्या तीन पिढ्यांनी एकाच जागेचे पाणी साठ वर्षांवर मोजले! या कंटाळवाण्या वाटणाऱ्या आकड्यांतूनच पुढे असे सिद्ध झाले, की १९४६ पासूनच्या साठ वर्षांत बैकलचे वरचे पाणी एक अंशाहून अधिक तापले आहे. काठावरील जुन्या नोंदींवरूनही असे दिसते, की १८६९ पासून विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सरोवराचा बर्फाचा मोसम सुमारे अठरा दिवसांनी आखूड झाला.

तथापि दोर सोडून वस्तू वर काढणे निराळे आणि स्वतः खाली जाऊन पाहणे निराळे. जाळ्यात येणारा जीव वर येईपर्यंत बहुधा मरतो. तो तेथे कसा राहत होता, कोणाच्या शेजारी राहत होता, हे जाळे सांगत नाही. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यॉ या दोघांनी पाठीवर वाहून नेता येईल असे श्वसनयंत्र तयार केले, आणि मनुष्यास पाण्याखाली मोकळेपणाने फिरण्याची सोय झाली. या साधनालाच आता स्कूबा म्हणतात. पोलादी टाकीत हवा दाबून भरलेली असते. तिचा दाब बाहेरच्या हवेच्या दोनशेपट असू शकतो. ही हवा तशीच सोडली, तर माणसाची फुप्फुसे फाटतील. म्हणून टाकी आणि तोंड यांच्यामध्ये रेग्युलेटर नावाचे एक यंत्र असते. ते पाणबुड्याच्या प्रत्येक श्वासाबरोबर हवी तेवढीच आणि हव्या त्याच दाबाची हवा पुरविते.

परंतु गोठलेल्या सरोवरात हेच यंत्र दगा देण्याचा संभव असतो. सायकलच्या चाकातील हवा वेगाने सोडून पाहा. तोंडाशी बोट धरल्यास ती हवा गार लागते. दाबलेला वायू एकदम मोकळा झाला, की तो थंड होतो. मूळचेच पाणी शून्य अंशाजवळचे. त्यात ही थंडी भर घालते आणि रेग्युलेटरमध्ये बर्फाचे कण धरू लागतात. असा एखादा कण झडपेत अडकला, की झडप मिटेनाशी होते आणि सारी हवा भसाभसा बुडबुड्यांच्या रूपाने निघून जाते. उघड्या समुद्रात असे झाले, तर पाणबुड्या सरळ वर येऊ शकतो. येथे वर छप्पर आहे! म्हणून बर्फाखाली जाणारा शहाणा पाणबुड्या दोन स्वतंत्र रेग्युलेटर आणि दोन स्वतंत्र तोट्या बरोबर घेतो आणि पाण्यात शिरेपर्यंत यंत्रातून श्वास घेत नाही. कारण उच्छ्वासातील ओलावा बाहेरच्या कडक थंडीत पाण्यातल्यापेक्षाही लवकर गोठतो.

फेब्रुवारी-मार्च हा बैकलमध्ये बुडी मारण्याचा उत्तम काळ. बर्फ भक्कम असतो आणि पाणी विलक्षण स्वच्छ असते. प्रथम बर्फ करवतीने कापून भोक पाडतात. रशियन लोक या भोकाला ‘मायना’ म्हणतात. आपल्या पत्राच्या मायन्याशी या शब्दाचे काही नाते नाही, पण बुडीचा आरंभ मायन्यापासूनच होतो, हे मात्र खरे. पुष्कळ ठिकाणी हे भोक त्रिकोणी कापतात. चौकोनापेक्षा त्यात एक बाजू कमी कापावी लागते. शिवाय परत येणाऱ्या पाणबुड्याला कोपऱ्यात दोन्ही हात दोन बाजूंवर टेकून अंग वर उचलून घेता येते. कापलेली लादी फार जड असते. ती बाहेर ओढून काढतात किंवा खाली दाबून कडेच्या बर्फाखाली सरकवून देतात. भोकाभोवतीचे हिम खोऱ्याने ओढून चाकाच्या आऱ्यांसारखे पट्टे काढतात आणि त्यांवर भोकाकडे वळलेले बाण आखतात. वरून पाहणाऱ्यास हा पोरखेळ वाटेल. परंतु खालून पाहिल्यावर हे पट्टे छपरातील उजेडाच्या रेघांप्रमाणे चमकतात आणि वाट चुकलेल्यास घराची दिशा दाखवितात.

पाणबुड्याचा पोशाख जाड, बंदिस्त आणि आत पाणी न शिरू देणारा असतो. त्याच्या आत लोकरीचे कपडे आणि त्यांत कोंडलेली हवा असते. तीच शरीराची ऊब टिकविते. डोक्यावर जाड टोपडे, हातांत मोठे मोजे, कमरेला शिशाची वजने. उघडे राहतात ते केवळ ओठ आणि गालांचा थोडासा भाग. पाण्याचा पहिला स्पर्श होताच तेथे सुया टोचल्यासारखे होते. थोड्याच वेळात ओठ बधिर होतात आणि मग काहीच वाटत नाही.

इतके सारे झाले, तरी खरा जीव गुंतलेला असतो तो एका दोरात. पाणबुड्याच्या छातीवरील पट्ट्याला दोराचे एक टोक पक्के बांधतात. दुसरे टोक बर्फात रोवलेल्या खुंटीला अडकविलेले असते, आणि मधला दोर भोकाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असतो. तो जागेवरून हलत नाही. दुसऱ्याशी गप्पा मारीत नाही. दोर फार ताठ झाला, तर पाणबुड्यास ओढ बसते; फार सैल झाला, तर संकेत पोहोचत नाही आणि दोर खडकात गुंततो. म्हणून तो सतत थोडा सोडावा लागतो, थोडा ओढावा लागतो. किती हिसके दिले म्हणजे काय समजावयाचे, हे उतरण्यापूर्वीच दोघांत ठरते: ‘मी ठीक आहे’, ‘दोर सोड’, ‘मी परत येतो’, ‘मला ओढून घे’. वरच्या माणसाला खालचे काहीच दिसत नाही. त्याला जे कळते, ते बोटांनाच. थंडीने बोटे बधिर झाली, तर त्याने दोर दुसऱ्याच्या हाती द्यावा असा नियम आहे. अभिमानाने धरून ठेवणे हा येथे अपराध समजतात.

कडेलाच आणखी एक पाणबुड्या पूर्ण पोशाख चढवून बसलेला असतो. बहुतेक दिवस त्याला काहीच काम पडत नाही. त्याचा दोर मात्र पहिल्याच्या दोरापेक्षा लांब असतो, आणि त्यामागे एक युक्ती आहे. समजा, खालच्या माणसाचा दोर तुटला किंवा सुटला. अशा वेळी त्याने भोक शोधीत भटकू नये. सरळ वर येऊन छपराच्या बर्फाला टेकून स्वस्थ उभे राहावे, ही शिकवण त्याला दिलेली असते. भीतीने जीव कासावीस झाला असता स्वस्थ राहणे किती अवघड, याची कल्पना करावी! इकडे दुसरा पाणबुड्या आपला लांब दोर घेऊन पाण्यात शिरतो, पहिला गेला असेल त्याहून दूर जातो आणि बर्फाच्या खालच्या अंगाला लागून मोठ्या वर्तुळात पोहू लागतो. भोकापासून त्याच्यापर्यंत ताणलेला दोर घड्याळाच्या काट्याप्रमाणे छपराखालून फिरत जातो. वाट चुकलेला माणूस जेथे कोठे उभा असेल, तेथे तो दोर त्याच्या अंगाला येऊन लागतो. त्याने तो धरावा, की सुटका झाली. भटकणाऱ्यास मात्र हा दोर चुकण्याची भीती असते.

भोकातून खाली गेल्यावर पहिल्यांदा नवल वाटते ते उजेडाचे. काळोख असेल अशी समजूत असते. पण स्वच्छ बर्फातून निळसर-हिरवा प्रकाश झिरपत असतो आणि कितीतरी दूरवरचे दिसते. डोक्यावर बर्फाचे छप्पर, त्यात विजेच्या रेघांसारख्या पांढऱ्या भेगा. पाणबुड्याने सोडलेली हवा वर जाऊन छपराला चिकटते आणि पाऱ्याच्या थेंबांप्रमाणे चमकत इकडून तिकडे घरंगळते. मधूनच सारे सरोवर गरजते: तापमान बदलले, की बर्फ ताणतो आणि त्याला भेगा पडतात. तो आवाज पाण्यातून कोणत्या दिशेने आला, ते कळत नाही.

छपराच्या खालच्या अंगावर आणि त्याखालच्या पाण्यात डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालाची वाढ होत असते. बाहेर हिवाळा असला, तरी बर्फातून येणारा सूर्यप्रकाश त्यांना पुरतो. नितळ बर्फ म्हणजे त्यांची खिडकीच होय. ही शैवाले खाण्यासाठी झिंग्यांच्या कुळातील ते बारीक जीव, डिबॉव्स्कीने दोराने वर काढले त्यांचेच वंशज, बर्फाला उलटे चिकटून चरत असतात. बैकलमध्ये यांच्या साडेतीनशेहून अधिक जाती-उपजाती आता ठाऊक आहेत. काठाजवळच्या खडकांवर हिरव्या फांद्यांचे झाड दिसावे तसे स्पंज उभे असतात. झाड म्हटले, तरी हे प्राणी आहेत. त्यांच्या अंगात हिरवी शैवाले वस्तीला असतात. ती प्रकाशात अन्न तयार करतात आणि धन्यालाही देतात. असा स्पंज अतिशय सावकाश वाढतो, आणि कित्येक तर एक मीटर उंचीचे असतात. शिवाय तो दिवसभर पाणी गाळीत असतो. बैकलचे पाणी नितळ राहते, त्यात त्याचा वाटा मोठा आहे.

सरोवराचा खरा रहिवासी नेर्पा हा सील मात्र पाणबुड्याला क्वचितच दिसतो. केवळ गोड्या पाण्यात राहणारी सीलची ही एकमेव जात आहे. तिला श्वासाकरिता वर यावेच लागते. म्हणून बर्फ धरू लागल्यापासून ती आपल्या नखांनी भोक खरवडून उघडे ठेवते. तिला ना करवत, ना दोर.

२०११ च्या सुमारास बैकलमध्ये उतरणाऱ्या पाणबुड्यांच्या दृष्टीस एक वेगळी गोष्ट पडू लागली. हिरव्या स्पंजांच्या फांद्या फिकट पडल्या होत्या. काहींवर तपकिरी, जांभळट डाग होते. काही कुजून खडकावरून गळून पडले होते. काठावरच्या वस्त्यांजवळ केसांसारख्या तंतूंचे हिरवे शैवाल तळावर पसरले होते. पूर्वी ते तेथे अशा प्रमाणात नव्हते. वस्त्यांचे आणि प्रवाशांच्या विश्रामगृहांचे सांडपाणी नीट शुद्ध न होता सरोवरात झिरपते, हे या शैवालाच्या वाढीचे एक कारण म्हणून पुढे आले. स्पंजांचा रोग मात्र वस्तीपासून दूरच्या खडकांवरही आढळला. वरून पाहणाऱ्यास सरोवर पूर्वीसारखेच निळे आणि सुंदर दिसत होते! खाली जाणारे होते, म्हणून हा आजार जगाला कळला. इर्कुत्स्क येथील सरोवरविज्ञान संस्थेचे संशोधक तेव्हापासून स्पंजांचे तुकडे आणून तपासीत आहेत.

यासाठी उतरलेल्या पाणबुड्याजवळ वेळ थोडा असतो. एका हातात दिवा, दुसऱ्या हातात लहानशी नळी. जाड मोज्यांमुळे बोटे नीट वळत नाहीत. ठरलेल्या खडकापाशी जावयाचे, स्पंजाचे छायाचित्र घ्यावयाचे, रोगट फांदीचा नखाएवढा तुकडा कापून नळीत घालावयाचा आणि निरोगी फांदीचाही एक घ्यावयाचा. निरोगी फांदी सापडेपर्यंत त्याला पुढे जावे लागते, आणि दोर तितकाच सुटत जातो. मग ठरलेली लांबी संपते. दोर ताठ होतो. पुढे दहा हातांवर एखादा हिरवागार स्पंज दिसत असला, तरी तेथूनच फिरावे लागते. पाणबुड्या ठरलेला हिसका देतो. क्षणभर काहीच होत नाही. मग छातीवरच्या पट्ट्याला हलकेच उलट हिसका बसतो: समजले.

तो छपराच्या उजळ पट्ट्यांखालून भोकाकडे येतो, त्रिकोणाच्या कोपऱ्यात डोके वर काढतो आणि सर्वांत आधी नळी वरच्याच्या हाती देतो. ओठ बधिर असल्यामुळे त्याचे बोलणे बोबडे येते आणि सगळे हसतात. त्याच्या पोशाखावरचे पाणी बघता बघता गोठून पांढरे होते. तंबूत शेगडी पेटलेली असते. तेथे तो हात शेकतो, गरम चहा पितो, बोटे पुन्हा नीट वळू लागली की नाही ते उघडून मिटून पाहतो. तोवर इतका वेळ दोर धरून उभा असलेला माणूस पोशाख चढवून भोकाच्या कडेला बसतो. शेगडीपासून उठलेला येतो, त्याच्या छातीवरची गाठ दोनदा ओढून पाहतो आणि दोर आपल्या हाती घेतो.